लोणारचा खार आणि टेक्सकोकोची साय

जळगावकराला मेहरूण म्हटले की दोन गोष्टी आठवतात : बोरे आणि तलाव. इंग्रजी अमदानीत शहराला पिण्याचे पाणी याच तलावातून नळाने येई. अशा गावतलावावर उन्हाळ्यात हिरवी साय धरली की हल्ली कोणीतरी हमखास म्हणतो, ‘हीच ती स्पिरुलिना, डब्यांत भरून विकतात ती.’ ती नव्हे. आणि खात्री करायला कोणी तोंडातही घालू नये. सांडपाण्याने माजलेल्या गोड्या पाण्यावरची साय बहुधा मायक्रोसिस्टिससारख्या दुसऱ्याच नीलहरित जीवाणूंची असते आणि त्यांतले काही यकृताला विषारी असतात. स्पिरुलिनाही त्याच मोठ्या कुळातली, शेवाळ म्हणून ओळखली जाणारी. सूक्ष्मदर्शकाखाली मळसूत्रासारखी पिळदार दिसते म्हणून हे नाव. पण तिला मानवते ते सोड्याने खारावलेले पाणी, ज्यात इतरांचा निभाव लागत नाही. म्हणून तिचा इतिहास म्हणजे सोड्याच्या तळ्यांचा इतिहास, आणि असे एक तळे जळगावला लागून असलेल्या बुलढाणा जिल्ह्यात आहे : लोणार.

बेसाल्ट खडकावर अशनी आदळून झालेल्या, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या या विवरातले पाणी तीव्र अल्कधर्मी आहे. त्याचा हिरवा रंग बराच काळ स्पिरुलिनाने आणि तिच्या भाईबंदांनी दिला, हे अभ्यासकांनी नोंदवले आहे. पण जुन्या लिखाणातले लोणार हे खाराचे. अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त या परिसराचे वर्णन येते ते काच आणि साबण यांना लागणाऱ्या जिनसांसाठी आणि त्यावरच्या सरकारी उत्पन्नासाठी. पाणी आटले की काठावर धरणारा खार लोक गोळा करत आणि त्याची प्रतवारी लावत. माणसाने या तळ्यातून पांढरे तेवढे उचलले, हिरवे तिथेच राहू दिले.

पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला नेमके उलटे घडत होते. मेक्सिकोत टेक्सकोको सरोवरावर ॲझ्टेक लोक बारीक जाळ्यांनी पाण्यावरची साय काढत, उन्हात वाळवत आणि तिच्या वड्या बाजारात विकत. तिचे नाव टेकुइतलात्ल. कोर्तेसबरोबर गेलेला सैनिक बेर्नाल दियास याने या वड्यांची चव चीजसारखी असल्याचे लिहून ठेवले. पुढे स्पॅनिश राजवटीत सरोवर उपसत नेले आणि ते अन्न विसरले गेले.

गंमत अशी की, विसाव्या शतकात तिथे उरलेल्या खाऱ्या पाण्यावर सोडा काढणारी कंपनी आली. पाणी आटवण्यासाठी तिने गोगलगाईच्या शंखासारखे प्रचंड वेटोळे तळे केले, आणि सोड्याच्या त्या पाण्यात हिरवी साय माजू लागली. सोडेवाल्यांना ती कटकट होती. तोवर आफ्रिकेतून बातमी आलेली होती. चाड देशातल्या कानेम भागात बायका तळ्यावरची साय भोपळ्याच्या भांड्याने काढून वाळूवर वाळवतात आणि ‘दिहे’ नावाच्या त्या वड्यांचे कालवण बाजरीच्या घट्ट शिजवलेल्या गोळ्याबरोबर खातात. खानदेशी माणसाला हे ताट परके वाटू नये. फ्रेंच शास्त्रज्ञ दांजार याने १९४० मध्ये या वड्या तपासून लिहिले होते, पण महायुद्धाच्या धामधुमीत ते कोणी वाचले नाही. १९६४-६५ च्या मोहिमेत बेल्जियन वनस्पतिशास्त्रज्ञ ज्याँ लेओनार याला त्या पुन्हा बाजारात दिसल्या. फ्रान्सच्या पेट्रोलियम संस्थेने तिच्या लागवडीचा अभ्यास हाती घेतला, मेक्सिकोच्या सोडा कंपनीने तिच्याकडेच विचारणा केली, आणि १९७० च्या दशकात कटकटीचा माल झाला.

मग लोणारकाठच्या माणसाला हे का सुचले नाही? अज्ञान म्हणून सोडून देणे सोपे आहे. मला ते पटत नाही. मेक्सिकोत गाई-म्हशी नव्हत्या. इथे दूध होते. तूर, हरभरा, उडीद होते. ज्वारीत उडीद मिसळून केलेली कळण्याची भाकरी हे प्रथिनांचे गणित आपल्या आज्यांनी पुस्तकाविना सोडवलेले आहे. शिवाय लोणार तीर्थ. तिथे स्नान करावे, साय खरवडू नये.

आजच्या जाहिराती वाचताना हे ध्यानात ठेवावे. वाळलेल्या स्पिरुलिनात शेकडा ५५ ते ७० भाग प्रथिने असतात, हे खरे. पण ती कोणी वाटीभर खात नाही. पाच ग्रॅम भुकटीतून तीन ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. मूठभर फुटाण्यांतून त्याच्या दुप्पट, आणि किती स्वस्तात! शाकाहाऱ्यांना दाखवले जाणारे बी-१२ चे आमिषही फसवे आहे, कारण तिच्यातला बराचसा भाग शरीराला न वापरता येणाऱ्या रूपात असतो. तिची खरी बाजू लोह आणि बीटा कॅरोटीन. तमिळनाडूत चेन्नईच्या मुरुगप्पा चेट्टियार संशोधन केंद्राने सी. व्ही. शेषाद्री यांच्या पुढाकाराने गावपातळीवर लहान हौदांत ती वाढवली, ती गरिबांच्या ताटासाठी. ती वाट पुढे रुंदावली नाही, कॅप्सूलची झाली.

पर्यावरणाचा हिशेबही असाच तपासून घ्यावा. पडीक, खारपड जमीन चालते, पाणी तेच फिरून वापरता येते, आणि एकरी प्रथिने कोणत्याही डाळीहून कितीतरी अधिक निघतात. ज्या जमिनीवर ज्वारी येत नाही तिथे ही फार मोठी गोष्ट आहे. मात्र स्पिरुलिना हवेतला नत्र बांधत नाही. तिला नत्र बाहेरून द्यावा लागतो. खाण्याचा सोडा लागतो, पाणी सतत हलते ठेवावे लागते. कानेमची वाळू फुकट वाळवते, कारखान्यातला ड्रायर वीज खातो.

लोणारचे तळे आता अभयारण्यात आहे आणि २०२० मध्ये रामसर यादीतही गेले. त्याच वर्षी जूनमध्ये क्षारप्रेमी सूक्ष्मजीवांमुळे ते गुलाबी झाले आणि लोक मोबाइल घेऊन धावले. तिथून साय काढण्याचा प्रश्न नाही, गरजही नाही. ती हौदात होते. धोका वेगळाच आहे. काठावरच्या झऱ्यांचे गोडे पाणी आणि गावाचे सांडपाणी विवरात उतरते, याकडे अभ्यासक कधीपासून बोट दाखवत आहेत. खार पातळ होत गेला तर तिथेही मेहरूणवर धरते तसलीच साय धरेल.