परवान्यांतून मोजलेली आग

संयुक्त राष्ट्रांच्या हवामान करारानुसार न्यूझीलंड दरवर्षी आपल्या हरितगृह वायूंचा हिशेब देते. हा हिशेब 1990 पासूनचा आहे. त्यात जवळपास निम्मा भाग शेतीचा, आणि शेतीतला सर्वांत मोठा वाटा गायीमेंढ्यांच्या पोटातून निघणाऱ्या मिथेनचा. याच शेतीच्या प्रकरणात, सहसा कोणी वाचत नाही असा एक रकाना आहे: मुद्दाम लावलेल्या गवताळ आगींचा. दक्षिण बेटावर, ओटागो आणि कँटरबरीच्या उतारांवर, टसक नावाचे झुबक्यांनी वाढणारे गवत आहे. मेंढपाळ त्याची वाळलेली पाती जाळतात. त्यामुळे कोवळा फुटवा मिळतो आणि काटेरी झुडपे हटतात.

रकान्यातला आकडा अगदी छोटा आहे. तो आला कुठून, हे पाहू लागलो की खरी गंमत सुरू होते.

किती हेक्टर जळाले याचा पुरावा म्हणून हिशेबनिसांनी वापरले ते परवाने. 1948 च्या जमीन कायद्याने डोंगरी चराऊ जमिनी तेहतीस वर्षांच्या, पुन्हा पुन्हा वाढवता येणाऱ्या भाडेपट्ट्यांनी दिल्या आणि गवत जाळायला सरकारी जमिनींच्या आयुक्तांची संमती बंधनकारक केली. हेतू माती वाचवण्याचा होता. उघडे पडलेले उतार धुपून नद्या गाळाने भरत होत्या, आणि मृदसंधारणाचा स्वतंत्र कायदा 1941 सालीच झाला होता. अर्जावर क्षेत्र लिहिणाऱ्या मेंढपाळाच्या किंवा त्यावर सही करणाऱ्या अधिकाऱ्याच्या मनात मिथेन असण्याचे काही कारण नव्हते.

म्हणजे मातीसाठी केलेले दप्तर पुढे हवेच्या हिशेबाला लागले. अशा कागदाला विचारायचा पहिला प्रश्न म्हणजे तो नेमके काय नोंदवतो. तो परवानगी नोंदवतो, आग नव्हे. परवाना हातात असला तरी वारा अनुकूल नसतो, गवत ओले असते, माणसे मिळत नाहीत; काडी ओढलीच जात नाही. हिशेबनिसांना हे ठाऊक होते. जमीन सांभाळणाऱ्या जाणकारांना विचारून त्यांनी धरले, की परवानगीच्या क्षेत्रापैकी साधारण 20 टक्केच एखाद्या वर्षी प्रत्यक्ष जळते. सगळी इमारत या एका अंदाजावर उभी आहे. तो 40 टक्के धरला, तर या रकान्यातला आकडा एका फटक्यात दुप्पट.

पुढचे गणित आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेचे. 2006 च्या मार्गदर्शिकेनुसार एक टन कोरडे गवत जळाले की सुमारे 1613 किलो कार्बन डायऑक्साइड, 2.3 किलो मिथेन आणि 0.21 किलो नायट्रस ऑक्साइड बाहेर पडतो. हवा तापवण्याच्या क्षमतेप्रमाणे मिथेनला 28 आणि नायट्रस ऑक्साइडला 265 ने गुणले, तर दोन्ही मिळून 120 किलो कार्बन डायऑक्साइडच्या तोडीचे होतात. या रकान्यात एवढेच धरायचे. 1613 किलो सोडून द्यायचे, कारण गवत पुन्हा उगवते आणि तो वायू परत शोषून घेते असे गृहीत आहे. दरवर्षी जळून दरवर्षी उगवणाऱ्या आफ्रिकी सॅव्हानातल्या गवताला हे चपखल बसते. उंच टसक मात्र सावकाश वाढते, पूर्वीइतके भरायला त्याला वर्षानुवर्षे लागतात. तेव्हा हे गृहीतक इथे मला ढिले वाटते.

आग केव्हा लावली, यावरही बरेच ठरते. कोरड्या मोसमाच्या आरंभी लावलेल्या सॅव्हानाच्या आगीत हेक्टरी 2.1 टन जळते, उशिरा लावलेल्या आगीत 10 टन, असे त्याच मार्गदर्शिकेचे सरासरी आकडे आहेत. न्यूझीलंडमध्ये दुभती गाय वर्षाला 80 किलोच्या आसपास मिथेन सोडते. म्हणजे आगीतले मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड दोन्ही धरले, तर उशिराच्या आगीत दोनेक हेक्टर आणि लवकरच्या आगीत नऊएक हेक्टर जळाल्यावर एका गायीच्या मिथेनची बरोबरी होते. न्यूझीलंडच्या अहवालाचा भर इथेच आहे: आगी ओलसर वसंतात लावतात, त्यामुळे कमी जळते. ओटागोतल्या डीप स्ट्रीम आणि माउंट बेंजर इथे शास्त्रज्ञांनी मुद्दाम आगी लावून पाहिल्या, तेव्हाही वसंतापेक्षा उन्हाळ्याच्या आगीने जास्त गवत खाल्ले आणि बहुतेक झुबके मारले.

1948 च्या मागे गेलो की परवानेही संपतात. सॅम्युअल बटलर हा इंग्रज लेखक 1860 मध्ये कँटरबरीत मेंढ्या पाळायला आला. 1863 च्या त्याच्या पुस्तकात माळ जाळणे हे नित्याचे काम म्हणून येते. त्यातून प्रथा कळते, क्षेत्र कळत नाही. त्याहून जुना पुरावा कागदावर नाहीच. अंटार्क्टिकाजवळच्या जेम्स रॉस बेटावरच्या बर्फात सुमारे 1300 पासून काजळी वाढलेली आढळली. हा निष्कर्ष 2021 मध्ये 'नेचर'मध्ये आला. खंडाच्या आतल्या बर्फात अशी वाढ नव्हती. वाऱ्यांची दिशा आणि तळ्यांच्या गाळातला कोळसा ताडून संशोधकांनी उगम न्यूझीलंडचा ठरवला. न्यूझीलंडचे मूळ रहिवासी माओरी तिथे पोहोचले तो हाच काळ. त्या आगी मुख्यतः जंगलांच्या होत्या. पूर्वेकडचे पुष्कळसे गवताळ माळ त्यांच्यामागून पसरले.

अलीकडच्या दप्तराचीही एक खोच आहे. 1998 च्या कायद्याने अनेक भाडेपट्ट्यांची वाटणी झाली. काही जमीन खासगी मालकीची झाली, काही संवर्धनाखाली गेली, आणि दोन्ही प्रकारच्या जमिनी आयुक्तांच्या वह्यांतून बाहेर पडल्या. तेव्हा आयुक्तांकडचे परवाने घटले म्हणजे आगीही तेवढ्याच घटल्या, असे त्या एका दप्तरावरून म्हणता येत नाही. शिवाय न ठरवता लागलेला वणवा या रकान्यात येतच नाही. ऑक्टोबर 2020 मध्ये लेक ओहाऊजवळ 5,000 हेक्टरांहून अधिक प्रदेश आणि 48 घरे जळाली; अशा आगीची नोंद शेतीत नव्हे, जमीनवापराच्या प्रकरणात होते.