दूरदर्शनचे दिवस खरंच इतके गोड होते का?

दर रविवारी सकाळी व्हॉट्सॲपवर कुणीतरी तोच फोटो पाठवतं. लाकडी शटरचा कृष्णधवल टीव्ही, कौलांवरचा अँटेना आणि समोर बसलेला अख्खा मोहल्ला. खाली मजकूर ठरलेला: तेव्हा कुणी हिंदू नव्हतं, कुणी मुसलमान नव्हतं, सगळे एकत्र 'महाभारत' बघायचे. मीही त्या गर्दीत बसलेला, त्यामुळे फोटो आवडतोच. पण खालच्या ओळीशी मात्र माझं पटत नाही.

आधी 'महाभारत'च घेऊ. बी. आर. चोप्रांची ही ९४ भागांची मालिका १९८८ ते १९९० या काळात दाखवली गेली. तिचे संवाद लिहिले राही मासूम रझांनी. गाझीपूरचा हा माणूस, 'आधा गाव' या कादंबरीचा लेखक. त्यांचं नाव जाहीर झाल्यावर विरोधाची पत्रं आली आणि ती वाचूनच त्यांनी, मी गंगेचा मुलगा आहे, आता मीच लिहिणार, असं ठरवलं, अशी हकीगत नेहमी सांगितली जाते. 'पिताश्री', 'भ्राताश्री' ही संबोधनं त्यांना अब्बाजान, अम्मीजान यांच्या धर्तीवर सुचली, असंही म्हणतात. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला जो 'समय' बोलायचा, त्याचा आवाज हरीश भिमाणींचा आणि शब्द रझांचे. अर्जुनाचं काम करणाऱ्या नटाचं मूळ नाव फिरोज खान होतं.

हे सगळं आज अभिमानाने सांगितलं जातं आणि सांगायलाही हवं. पण ती पत्रंही त्याच काळातली आहेत, हे त्या फोटोखाली कुणी लिहीत नाही.

उलट बाजूचंही एक उदाहरण आहे. १९८८ मध्येच 'मिर्झा गालिब' आली. गालिब झाले नसीरुद्दीन शाह, पण मालिका लिहिली आणि दिग्दर्शित केली गुलजारांनी, म्हणजे फाळणीत घर सुटलेल्या एका शीख कुटुंबातल्या संपूर्णसिंग कालरा यांनी. गझला गायल्या जगजीत सिंग आणि चित्रा सिंग यांनी. आमच्या घरी मात्र एक गंमत व्हायची. शेजारचे काका 'महाभारत'मधल्या एखाद्या जड शब्दाचा अर्थ अब्बांना सांगायचे आणि गालिबचा शेर आला की मोठ्या आशेने अब्बांकडे बघायचे. अब्बांची गोची व्हायची. घरात बोली दखनी, शाळा मराठी. दिल्लीची उर्दू आम्हालाही काकांइतकीच परकी! मुसलमान म्हणजे उर्दू, हे समीकरण मराठी मुसलमानाला किती महागात पडतं, याचा पहिला धडा मी टीव्हीसमोरच घेतला.

आता 'तमस'. भीष्म साहनींची कादंबरी, गोविंद निहलानींचं दिग्दर्शन, विषय फाळणीच्या दंगली. १९८८ च्या जानेवारीत ती सुरू झाली आणि लगेच कोर्टात गेली. बंदी मागायला मुंबई उच्च न्यायालयात गेलेले गृहस्थ मुसलमान होते, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. न्यायाधीशांनी स्वतः मालिका पाहिली आणि दाखवायला मोकळीक दिली. पुढे सर्वोच्च न्यायालयानेही बंदी नाकारली. भावना दुखावण्याचा मक्ता कुणा एका समाजाकडे नव्हता.

सगळ्यात बोचरी आठवण 'द स्वोर्ड ऑफ टिपू सुलतान'ची. संजय खान यांच्या या मालिकेचं चित्रीकरण चालू असताना १९८९ मध्ये म्हैसूरच्या प्रीमियर स्टुडिओत आग लागली. साठहून अधिक माणसं गेली, संजय खान स्वतः गंभीर भाजले. मालिका तरीही पूर्ण झाली. संगीत नौशाद यांचं होतं. पण तिच्यावर आक्षेप आले आणि १९९० मध्ये ती पडद्यावर आली ती एका सूचनेसकट: ही कथा काल्पनिक आहे. मालिका भगवान गिडवानींच्या कादंबरीवर बेतलेली, त्यामुळे सूचना अगदीच गैर होती असं म्हणता येणार नाही. टिपूवर टीका करण्यासारखंही बरंच आहे आणि ती व्हायला हवी. तरीही विचार करा. ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टणच्या किल्ल्यात इंग्रजांशी लढताना मेलेला राजा. त्याची पत्रं, नाणी, कबर सगळं शाबूत. त्याची गोष्ट सांगताना आधी ती काल्पनिक असल्याचं सांगावं लागलं. मी तेव्हा लहान होतो. अब्बांना विचारलं, टिपू खरा नव्हता का? ते म्हणाले, "होता रे. पण आधी पाटी वाच, मग मालिका बघ."

१९९३ मध्ये 'जंगल बुक' आलं. कार्टून जपानचं, पण हिंदी गाणं गुलजार आणि विशाल भारद्वाज यांचं. शेर खानचा आवाज नाना पाटेकरांचा. वर्गात खान आडनावाचा मी एकटा, त्यामुळे नाव पडायला वेळ लागला नाही. मला तर आवडलंच होतं, वाघ कुणाला नको असतो? घरी येऊन कौतुकाने सांगितलं. अम्मी हसली नाही. तेव्हा कारण कळलं नव्हतं. साल कोणतं होतं, हे पुढे कळलं.

मग त्या दिवसांत आठवण काढण्यासारखं काहीच नव्हतं का? होतं. सईद मिर्झा आणि कुंदन शाह यांच्या 'नुक्कड'मधला कादरभाई आठवा. छोटं हॉटेल चालवणारा, उधारीला कंटाळलेला माणूस. तो नवाब नव्हता, कव्वाल नव्हता, गुंडही नव्हता. गल्लीतल्या बाकीच्यांसारखाच एक. आपल्यासारखा माणूस पडद्यावर इतका साधा दिसणं, हे तेव्हा आम्हाला विशेष वाटलंही नाही. आज वाटतं.

आणि दुसरं, चॅनेल एकच होतं. एकत्र बसण्यात मोठेपणा कमी, नाइलाज जास्त. पण त्या नाइलाजाने माझ्या दादीला कर्णासाठी रडवलं आणि शेजारच्या काकांना गालिबच्या घरात नेलं. भांडणं होती, पत्रं होती, खटले होते. तरी मालिका तयार होत होत्या, दाखवल्या जात होत्या आणि नावडणाराही त्या बघून मग भांडत होता. आज प्रत्येकाच्या हातात वेगळा पडदा आहे आणि त्यावर दुसऱ्याची गोष्ट येतच नाही. आलीच तर भीती घालायला येते.

म्हणून पुढच्या रविवारी तो फोटो आला की मी पुढे पाठवीन. फक्त खालचा मजकूर बदलीन. तिथे राही मासूम रझांचं नाव लिहीन, आणि त्यांना आलेल्या पत्रांचाही उल्लेख करीन.