खरेदीखत आणि तुतीचे झाड

कोणत्याही वास्तूचा पूर्वेतिहास पाहावयाचा झाल्यास प्रथम तिची खरेदीखते चाळली जातात. मालक कोण, मोबदला किती, चतुःसीमा कोणत्या, एवढे त्यांतून कळते. आवारातील झाडांचा उल्लेख मात्र त्यांत क्वचितच आढळतो. या दृष्टीने लंडनच्या आग्नेयेस असलेल्या डाउन खेड्यातील ‘डाउन हाउस’ या बंगल्याचा इतिहास बोधप्रद आहे.

1651 साली येथील जमीन 345 पौंडांस विकली गेली व त्यानंतर तेथे पहिले घर उभे राहिले. पुढे ते अनेक हातांतून गेले. 1819 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इंजिनिअर्स दलातील लेफ्टनंट कर्नल जॉन जॉन्सन त्याचे मालक झाले. 1837 मध्ये त्यांनी कॅनडास प्रयाण केले आणि घर गावचे धर्मोपदेशक जेम्स ड्रमंड यांच्याकडे आले. त्यांच्याकडून 1842 मध्ये ते चार्ल्स डार्विन यांनी घेतले. सौद्यापूर्वी बहिणीस लिहिलेल्या पत्रात डार्विन यांनी किंमत सुमारे 2,200 पौंड सांगितली होती. घर त्यांना कुरूप वाटले. परंतु आवारातील चेरी, अक्रोड, नाशपती आणि जुनी तुती यांची त्यांनी त्याच पत्रात आवर्जून नोंद केली.

1846 मध्ये त्यांनी लगतची सुमारे दीड एकर पट्टी शेजारी लबक यांच्याकडून भाड्याने घेऊन तेथे हेझल, बर्च, होली आदी झाडे लावली. या वनराईभोवतीच्या वाटेवर ते नित्य फेऱ्या घालीत. ती जमीन त्यांच्या मालकीची झाली 1874 मध्ये. म्हणजे 28 वर्षे त्यांनी परक्याच्या जमिनीवर झाडे वाढविली!

1882 मध्ये डार्विन व 1896 मध्ये त्यांच्या पत्नी एमा निवर्तल्या. पुढे घरात मुलींची शाळा भरली. 1927 मध्ये शल्यचिकित्सक जॉर्ज बक्स्टन ब्राउन यांनी घर विकत घेऊन लोकार्पणासाठी दिले. 1929 मध्ये ते सर्वांस खुले झाले. 1996 पासून त्याची व्यवस्था ‘इंग्लिश हेरिटेज’ संस्थेकडे आली. मुलांच्या खोलीबाहेरील वृद्ध तुतीस टेकू देऊन जपण्यात आले.

दरम्यान इंग्लंडमधील कायद्यानेही झाडांची दखल घेतली. 1947 च्या नगररचना कायद्याने वृक्षसंरक्षण आदेशांस बळ दिले. असा आदेश असलेले झाड, ते स्वतःच्या बागेतील असले तरी, छाटण्यापूर्वी मालकास स्थानिक कौन्सिलकडे अर्ज करावा लागतो. संरक्षित वस्तीतील इतर झाडांबाबत, काही अपवाद वगळता, सहा आठवड्यांची पूर्वसूचना द्यावी लागते. त्या मुदतीत कौन्सिल हरकत न घेता काम होऊ देते अथवा संरक्षण आदेश काढते.

महाराष्ट्रातही 1975 च्या अधिनियमाने नागरी क्षेत्रांत वृक्ष प्राधिकरणाची परवानगी आवश्यक केली. 2021 च्या दुरुस्तीने 50 वर्षे व त्याहून अधिक वयाच्या झाडांस वारसा वृक्षांचे स्थान मिळाले.

व्यापारी दृष्टीने पाहता ही बंधने मालकीहक्कास जाचक वाटतात. परंतु डाउन हाउसच्या हस्तांतरांतून एक गोष्ट स्पष्ट होते. प्रत्येक मालक काही वर्षांपुरता होता. झाडाचे आयुष्य त्याहून दीर्घ ठरले. खरेदीखताने घराचा ताबा मिळतो. झाडाच्या बाबतीत मालक हा विश्वस्तच असतो.