चार ओळींची उमेदवारी



लेखनाचा इतिहास सांगताना आपण बहुधा ग्रंथांचाच इतिहास सांगतो. परंतु गेल्या दीडशे वर्षांत लेखणीवर पोट भरणाऱ्यांचा एक नवा वर्ग जगभर उदयास आला आणि त्याची उमेदवारी काही ग्रंथलेखनाने झाली नाही. ती झाली दुकानाच्या पत्रकात आणि एका पानाच्या व्यापारी पत्रात. हा वर्ग जाहिरातलेखकांचा. त्यांतील एका माणसाच्या उमेदवारीची हकीकत आज आपणांपुढे ठेवावयाची आहे. ती घडली अमेरिकेत. पण तिचा एक धागा आपल्या घरापर्यंत येतो. या व्याख्यानाचे प्रयोजन खरे म्हणजे तो धागाच आहे.

अमेरिकेत त्या काळी जाहिरातीत आरडाओरडा फार. कोणतेही पेटंट औषध घ्यावे, ते सर्व रोग बरे करी! या गलबल्यात जॉन पॉवर्स नावाच्या गृहस्थाने साधे बोलण्याची रीत पाडली. 1880 पासून तो फिलाडेल्फियाच्या वॅनमेकर या मोठ्या दुकानासाठी लिहू लागला. मालात खोट असली तर ती सांगून टाकावयाची आणि मग किंमत सांगावयाची, ही त्याची पद्धत. लवकरच त्या धंद्यात त्याचे नाव गुरूसारखे घेतले जाऊ लागले.

त्याच सुमारास मिशिगन राज्यातील ग्रँड रॅपिड्स या गावी बिसेल कंपनीत क्लॉड हॉपकिन्स नावाचा एक हिशेबनीस होता. जन्म 1866 चा. घरची गरिबी, वडील लहानपणीच वारलेले. ही कंपनी गालिचे झाडण्याचे हातयंत्र बनवीत असे. तिने पॉवर्सकडून एक पत्रक लिहवून घेतले. ते वाचून हा कारकून वरिष्ठांना म्हणाला, की याने यंत्राचा अभ्यास केलेला नाही आणि ते विकत घेणाऱ्या गृहिणीचाही नाही. मला लिहू द्या. केवढे हे धाडस! दोन दिवसांत त्याने पत्रक लिहून दिले आणि कंपनीने ते पत्करले.

आता प्रश्न असा, की नामांकित लेखकावर कारकुनाने मात केली ती कशाच्या बळावर? भाषेच्या नव्हे, भाषा पॉवर्सची अधिक घासलेली होती. हॉपकिन्सजवळ मालाची माहिती होती. दीर्घ लेखनात अज्ञान झाकता येते. दोन पाने पाल्हाळ लावले की वाचक वाहून जातो. चार ओळींत लपावयास जागाच नसते. म्हणून छोटे लेखन ही सोपी उमेदवारी आहे, हा समज चुकीचा होय.

पुढचा प्रयोग त्याहून बोधप्रद आहे. हे यंत्र नाताळची भेट म्हणून का विकू नये, असे हॉपकिन्सने सुचविले आणि दुकानदारांना पत्रे पाठविण्याची परवानगी मागितली. फिरते विक्रेते असताना नुसत्या पत्राने माल कसा खपेल, असे वरिष्ठांना वाटत होते. आपल्या आत्मचरित्रात तो सांगतो, की सुमारे 5,000 पत्रे गेली आणि 1,000 मागण्या आल्या. येथे त्याच्यातील हिशेबनीस कामास आला. किती पत्रे गेली, किती उत्तरे आली, टपालास किती खर्च झाला, हे त्याने जमाखर्चासारखे मांडले. लेखनाचा परिणाम मोजता येतो, ही त्या काळी नवीनच दृष्टी होती. पुढे 1923 साली त्याने जाहिरातीच्या शास्त्रावर जे छोटे पुस्तक लिहिले, त्याचे मूळ या पत्रांच्या वहीत आहे. 1907 मध्ये तो शिकागोच्या लॉर्ड अँड टॉमस या जाहिरात पेढीत गेला आणि आपल्या काळातील सर्वांत अधिक वेतन घेणाऱ्या लेखकांत त्याची गणना झाली.

येथपर्यंत ही कथा यशाची आहे आणि उमेदवारांना ती येथपर्यंतच सांगण्याचा प्रघात आहे. आता तो धागा हाती घेऊ.

बिसेल कंपनीतच असताना हॉपकिन्सला एका तांबड्याभडक, राजस रंगाच्या लाकडाची माहिती मिळाली. पुलमन कंपनीच्या आरामशीर आगगाड्यांचे डबे सजविण्यासाठी ते वापरीत आणि त्याला व्हर्मिलियन म्हणत. हे लाकूड हिंदुस्थानातून येते; जंगले ब्रिटिश सरकारची; झाडे कैदी तोडतात, हत्ती ओंडके गंगेपर्यंत ओढतात आणि मग ते नदीतून येतात, असे त्याला कळले. सरकारी अरण्य, कैदी, हत्ती, गंगा! चार शब्दांत केवढे चित्र! त्याने त्या लाकडाची यंत्रे करवून घेतली, हे चित्र रंगवून दुकानदारांना पत्रे लिहिली आणि माल धडाक्याने खपला.

परंतु श्रोतेहो, व्यापारात व्हर्मिलियन या नावाने ओळखले जाणारे लाकूड म्हणजे अंदमानचे पादौक. ते झाड मूळचे त्या बेटांचेच. अंदमानात गंगा कोठली? पण कैदी मात्र तेथे होते! 1857 च्या उठावानंतर 1858 साली इंग्रजांनी पोर्ट ब्लेअरला कैद्यांची वसाहत घातली आणि तेथील जंगले कैद्यांच्या श्रमाने तोडली गेली. म्हणजे त्या जाहिरातीत गंगा ही शोभेची होती आणि कैदी खरे होते. वाचणाऱ्याला मात्र दोन्ही सारखीच मनोहर वाटली.

हॉपकिन्सचे आत्मचरित्र 1927 साली निघाले. त्याच साली मराठीत सावरकरांचे ‘माझी जन्मठेप’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. एका पुस्तकात अंदमानचा कैदी म्हणजे माल खपविणारी अद्भुतरम्य ओळ. दुसऱ्यात तो कोलू ओढणारा, काथ्या कुटणारा माणूस. हॉपकिन्स लबाड होता, असे मी म्हणत नाही. त्याला कळले ते त्याने लिहिले. आपल्या यंत्राची त्याने कसून चौकशी केली. लाकडाची मात्र केली नाही. ज्या गुणामुळे त्याने पॉवर्सवर मात केली, तोच गुण येथे अपुरा पडला. आणि पत्रांच्या वहीत मागण्यांचा आकडा होता. या चुकीसाठी रकानाच नव्हता.

आपल्याकडेही या उमेदवारीचे एक नाव घेण्यासारखे आहे. किर्लोस्करवाडीच्या कारखान्याची जाहिरात करता करता शंकरराव किर्लोस्करांनी 1920 साली ‘किर्लोस्कर खबर’ काढले. नांगर-चरकांची माहिती गिऱ्हाइकांना द्यावी, एवढाच त्याचा मूळ संसार. त्यातून मराठीतले एक जाणते मासिक उभे राहिले आणि पुढे 1930 मध्ये ‘स्त्री’ व 1934 मध्ये ‘मनोहर’ ही भावंडे आली. माल विकण्यासाठी ज्याला वाचकाचे घर ओळखावे लागले, त्याला पुढे त्या घराशी विचारांचीही देवघेव करता आली.

तात्पर्य, चार ओळींपासून आरंभ करणाऱ्या तरुणाने लाजू नये. तो चांगल्या शाळेत बसला आहे. पण त्या शाळेचा पहिला धडा शब्द कमी करण्याचा नसून चौकशी अधिक करण्याचा आहे. ओळ जितकी लहान, तितके तिच्यातून गाळलेले अधिक. आणि काय गाळले याचे उत्तर लिहिणाऱ्यानेच द्यावयाचे असते. गाळलेल्यांत एखादे वेळी माणसेही असतात, एवढे ध्यानात ठेवावे, इतकीच विनंती करून मी आपली रजा घेतो.