न झालेल्या लढती

या वेळचा लेख एग्मोर स्टेशनच्या बाकावरून. दक्षिणेकडे, म्हणजे त्रिची, मदुराई, रामेश्वरमकडे जाणाऱ्या गाड्या इथून सुटतात. आपल्या जवानांची तुकडी गाडीत बसवून द्यायची असली की मला इथं यावं लागतं. १९०८ सालची ही लाल इमारत. गाडीला उशीर असला की फिल्टर कॉफी घ्यायची आणि घुमटाखाली बसून माणसं बघायची, हा माझा इथला उद्योग.

गेल्या महिन्यात मात्र बसलो नाही. वेळ भरपूर होता, म्हणून चालत नेहरू स्टेडियमपर्यंत गेलो. अर्धा तासही लागत नाही. आज तिथं आहे ते बांधकाम १९९३ चं. जुनं स्टेडियम पाडलं. पण जागा तीच, आणि याच जागेवर १९८० च्या सुरुवातीला मुहम्मद अली रिंगमध्ये उतरला होता. मुख्यमंत्री एम. जी. रामचंद्रन हजर होते. समोर होता जिमी एलिस, अलीच्याच लुईव्हिल गावचा, लहानपणापासूनचा दोस्त. लढत प्रदर्शनीय होती, जिंकण्या-हरण्याची नव्हती.

एलिसचं नाव आज फारसं कुणाला आठवत नाही. पण तो जगज्जेता होता, आणि झाला तो अली रिंगमध्ये नव्हता म्हणून. १९६७ साली अलीनं अमेरिकी सैन्यात भरती व्हायला नकार दिला आणि त्याचा किताब काढून घेतला गेला. रिकाम्या झालेल्या किताबांपैकी एक १९६८ मध्ये एलिसकडे आला. १९७० मध्ये फ्रेझियरनं त्याला हरवलं. १९७१ मध्ये ह्यूस्टनला अली आणि एलिस खरोखरच एकमेकांसमोर आले, तेव्हा अलीनं बाराव्या फेरीत लढत संपवली.

मी गणवेशातला माणूस. भरतीला नकार देणाऱ्याबद्दल मला काय वाटतं, असं मित्र विचारतात. खरं सांगतो, पटत नाही. पण त्यानं पळ काढला नाही. देशातच राहिला, खटला अंगावर घेतला आणि पंचविशी ते अठ्ठाविशी अशी बॉक्सरची सोन्यासारखी वर्षं घालवली. १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याची शिक्षा रद्द केली. वर्षं काही परत मिळाली नाहीत. त्या साडेतीन वर्षांतला अली आणि तेव्हाचा ताजातवाना फ्रेझियर, ही लढत कुणीच पाहिली नाही. पुढे दोघं तीनदा लढले, पण तोवर अलीचे पाय पूर्वीचे राहिले नव्हते.

न झालेल्या लढतींत सर्वांत मोठं नाव मात्र अली आणि तिओफिलो स्टीव्हन्सन यांचं. स्टीव्हन्सन क्युबाचा. १९७२, १९७६ आणि १९८० अशी लागोपाठ तीन ऑलिंपिक सुवर्णं, तीही हेवीवेटमध्ये. क्युबात व्यावसायिक बॉक्सिंगला बंदी होती. अलीशी लढण्यासाठी दहा लाख डॉलर पुढे आले, तरी हा गडी देश सोडून गेला नाही. बोलणी झाली, फिसकटली. हौशी बॉक्सर तीन फेऱ्यांचा, व्यावसायिक पंधरा फेऱ्यांचा. लढत कुणाच्या नियमांनी घ्यायची यावरच घोडं अडायचं. वर दोन देशांचं वैर होतंच.

आणि इथं आपल्या देशाचा संबंध येतो. अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा शिरल्यामुळे राष्ट्राध्यक्ष कार्टर मॉस्को ऑलिंपिकवर बहिष्कार घालायला निघाले होते. अली भारताच्या दौऱ्यावर असतानाच त्यांनी त्याला दूत म्हणून आफ्रिकेत जाण्याची गळ घातली. अली इथून टांझानियाला गेला. तिथं राष्ट्राध्यक्ष न्येरेरे यांनी त्याला भेटही दिली नाही. ज्यानं सरकारचा हुकूम मानला नव्हता, तोच आता सरकारचा निरोप घेऊन दारोदार फिरत होता, आणि निरोप काय, तर खेळू नका! भारत मॉस्कोला गेला, अमेरिका गेली नाही. स्टीव्हन्सननं तिसरं सुवर्ण जिंकलं, पण अमेरिकी बॉक्सर समोर आलाच नाही. १९८४ मध्ये क्युबानं लॉस एंजेलिसवर बहिष्कार घातला आणि स्टीव्हन्सनचं चौथं सुवर्ण राहिलं ते राहिलंच.

लढती मोडतात त्या काही एकाच कारणानं नाही. हॅरी विल्स काळा होता, म्हणून जॅक डेम्प्सी जगज्जेता असलेल्या सात वर्षांत त्याला एकदाही संधी मिळाली नाही. लेनॉक्स लुईसनं १९८८ च्या सोल ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत रिडिक बोला हरवलं होतं. पुढे बो जगज्जेता झाला, आणि लुईसशी लढण्याऐवजी १९९२ मध्ये त्यानं एक पट्टा सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकला. कुठं रंग, कुठं व्यवहार, कुठं सरकार.

उलटंही घडतं. त्याच १९८० च्या जानेवारीत दिल्लीत अलीसमोर चार फेऱ्या उभा राहिला तो आपल्या फौजेतला हवालदार कौर सिंग. पंजाबचा शेतकऱ्याचा पोर, १९७१ च्या लढाईतला जवान. दोन वर्षांनी दिल्ली एशियाडमध्ये त्यानं हेवीवेटचं सुवर्ण जिंकलं. २०२३ मध्ये तो गेला. कागदावर ही लढत कुणी लिहिली असती तर लोक हसले असते.

आता माझी गोष्ट. वीसेक वर्षांपूर्वी ईशान्येत ब्रिगेडच्या बॉक्सिंग स्पर्धेत मी अंतिम फेरीत होतो. समोर मद्रास रेजिमेंटचा जवान. आम्ही गणपत, ते थंबी. गडी उत्तर चेन्नईचा, म्हणजे जिथं गल्लीगल्लीत बॉक्सिंगच्या जुन्या परंपरा आहेत तिथला. आदल्या रात्री आमच्या पलटणीला मूव्ह ऑर्डर आली. पहाटे तीनला गाड्या हलल्या. अंतिम लढत झालीच नाही. करंडक कुणाला दिला, मी कधी विचारलं नाही.

चेन्नईला पोस्टिंग आल्यावर ओळखीतून त्याचा पत्ता लागला. पेन्शनवर आहे, गुडघे दुखतात. त्याला एग्मोरलाच बोलावलं. कॉफी घेताना मी विचारलं, "उद्या लढायचं म्हणून काय ठरवलं होतंस?"

तो हिंदीत म्हणाला, "साब, तुम्ही जॅब मारून डावा हात खाली आणायचा. दोन दिवस बघून ठेवलं होतं. पहिल्याच फेरीत उजवा मारणार होतो."

मी हसलो. कारण उस्ताद मला दोन वर्षं हेच सांगत होते, आणि मला वाटायचं, त्यांच्याशिवाय कुणाला दिसत नाही.

स्टीव्हन्सन आणि अली दोघंही आता नाहीत. नव्वदच्या दशकात अली मदत घेऊन हवानाला गेला तेव्हा दोघं भेटले. अलीचे हात तेव्हा आजारानं थरथरत होते. एकमेकांना त्यांनी काय विचारलं असेल, हा विचार माझ्या मनात येतो. कोण जिंकलं असतं, हे बहुधा नाही. तू माझ्यात काय हेरलं होतंस, हेच असावं.

रामेश्वरमची गाडी लागली. थंबीनं उठताना माझ्या डाव्या कोपराला खालून हलकेच टपली मारली आणि हात वर ढकलला.