खेळातील आगगाडी आणि फाटकाचा इतिहास

रस्ता आणि रूळ यांची जेथे एका पातळीवर गाठ पडते, तेथे दोघांपैकी एकाने थांबलेच पाहिजे. कोणी थांबावे आणि त्याला कोणी थांबवावे, या साध्या दिसणाऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात जवळजवळ दोन शतके खर्ची पडली आहेत. त्या शोधाची हकिकत आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत. तिचे निमित्त मात्र, खरे सांगायचे तर, अगदी पोरकट आहे. मुलांच्या एका व्हिडिओ गेममधील आगगाडीने आम्हांला या विषयाकडे वळविले.

'मारियो कार्ट ६४' हा जपानच्या निन्टेन्डो कंपनीचा खेळ १९९६ च्या डिसेंबरात बाहेर पडला. कार्ट म्हणजे शर्यतीची ठेंगणी, उघडी, चारचाकी गाडी. अशी पहिली गाडी १९५६ साली कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स या गृहस्थांनी गवत कापण्याच्या यंत्राचे इंजिन बसवून तयार केली, असे मानतात. या खेळात केळीच्या सालींना वळसा घालीत आणि प्रतिस्पर्ध्यावर कासवाची कवचे फेकीत धावावयाचे असते. त्यातील 'कालिमारी डेझर्ट' नावाच्या वाळवंटी मार्गावर रस्ता रुळांना दोन ठिकाणी छेदतो, आणि त्या रुळांवरून वाफेचे इंजिन आपले डबे ओढीत एकसारखे फिरत असते. ही आगगाडी शर्यतीत नाही. पहिला कोण आणि शेवटचा कोण, याच्याशी तिला कर्तव्य नाही. तिच्या वाटेत सापडलेली गाडी हवेत भिरकावली जाते, काही क्षण वाया जातात आणि खेळाडू पुन्हा धावू लागतो. हा मार्ग खेळणाऱ्यांना इतका प्रिय ठरला की २०२२ साली तो 'मारियो कार्ट ८ डीलक्स'मध्ये नव्या रूपात पुन्हा आणण्यात आला.

खेळ रचणाऱ्यांना येथे कल्पनाशक्तीला फारसा ताण द्यावा लागला नसेल, कारण इतिहासाने हा प्रसंग फार पूर्वीच घडवून ठेवला होता. १८३३ साली इंग्लंडात लेस्टर-स्वॅनिंग्टन रेल्वेवर 'सॅम्सन' नावाचे इंजिन थॉर्नटन येथील ओलांडणीवर एका घोड्याच्या छकड्यावर आदळले. छकड्यात बाजाराला निघालेले लोणी आणि अंडी होती. इंजिनचालकापाशी तोंडाने फुंकावयाच्या शिंगापलीकडे इशाऱ्याचे साधन नव्हते. या अपघातानंतरच इंजिनावर वाफेची शिटी बसविण्यात आली, अशी हकिकत रेल्वेच्या इतिहासात सांगितली जाते. पुढे शिटीही अपुरी पडते असे दिसले, आणि १८३९ च्या कायद्याने तेथील रेल्वे कंपन्यांवर सार्वजनिक रस्त्यांवर फाटके बांधण्याची व त्यांवर माणसे नेमण्याची सक्ती झाली. रस्त्याने थांबावे आणि रुळांनी पुढे जावे, हा निवाडा येथे पक्का झाला. त्याचे कारण मानमरातबाचे नव्हे. वेगात असलेल्या आगगाडीला ब्रेक लावूनही थांबावयास किलोमीटरभर अंतर लागू शकते. छकड्याला दोन हात पुरतात.

आम्ही राहतो त्या रिसालीशी या विषयाचा संबंध वाचकांस वाटेल त्याहून जवळचा आहे. नागपुराहून छत्तीसगडाकडे येणारा लहान मापाचा लोहमार्ग १८८० च्या दशकात राजनांदगावापर्यंत पोहोचला. १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने तो ताब्यात घेऊन रुंद केला व पूर्वेकडे वाढविला. आज आपण ज्या मार्गाने सुटीत घरी जातो, तो हाच. पुढे २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी करार होऊन भिलाईचा पोलाद कारखाना ठरला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि १९६० मध्ये येथे रूळ तयार होऊ लागले. आता तर सांधून २६० मीटर लांबीचे रूळ येथून रवाना होतात. देशातील असंख्य फाटकांवर माणसे ज्या रुळांपाशी थांबतात, ते आमच्या शेजारी ओतलेल्या पोलादाचे असतात.

परंतु प्रत्येक ठिकाणी फाटक आणि फाटकवाला ठेवणे आपल्या विस्तीर्ण देशात शक्य झाले नाही. हजारो ओलांडण्या उघड्याच राहिल्या. तेथे काय करावे, हे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १३१ व्या कलमात सांगितले आहे. चालकाने वाहन थांबवावे, वाहक किंवा अन्य कोणी खाली उतरून रुळांपर्यंत चालत जावे, दोन्ही बाजूंनी गाडी येत नाही याची खात्री करावी आणि मग वाहन पलीकडे न्यावे. बरोबर कोणी नसेल तर चालकाने स्वतः उतरावे. सरकारी कागदपत्रांत आयुष्य घालविणाऱ्या आमच्यासारख्यालाही हे कलम वाचून थबकावयास होते. कायद्याने येथे प्रत्येक प्रवाशाला घटकाभर फाटकवाला केले आहे. तथापि ज्याला पुढे जाण्याची घाई आहे, त्यालाच थांबविण्याचे काम सोपविले, तर ते कितपत पार पडावे?

२६ एप्रिल २०१८ रोजी उत्तर प्रदेशातील कुशीनगर जिल्ह्यात अशाच एका उघड्या ओलांडणीवर शाळेची गाडी आगगाडीखाली सापडली आणि तेरा मुले मृत्युमुखी पडली. त्या मुलांपैकी एकाच्याही हाती चाक नव्हते.

वास्तविक या दुर्घटनेच्या सहा वर्षे आधी, २०१२ साली, डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील रेल्वे सुरक्षा समितीने पाच वर्षांत सगळ्याच ओलांडण्या नाहीशा कराव्यात, अशी शिफारस केली होती. खर्चाचा अंदाज सुमारे ५०,००० कोटी रुपयांचा होता. कुशीनगरनंतर कामाला वेग आला, आणि जानेवारी २०१९ अखेर रुंद मार्गावरील सर्व बिनपहाऱ्याच्या ओलांडण्या बंद झाल्या. कोठे भुयारी मार्ग झाला, कोठे पूल, कोठे पहारेकरी बसला. पहाऱ्याची फाटके मात्र अजून हजारोंनी आहेत, आणि पडलेल्या आडव्या खांबाखालून सायकल काढणारे महाभाग आपण सर्वांनी पाहिले आहेत.

मुलांनी हा खेळ खेळू नये, असे आमचे म्हणणे नाही. आगगाडी कोणासाठी थांबत नाही, हे सत्य तो खेळ बिनचूक सांगतो, आणि वेळीच वेग आवरणाराच तेथे पुष्कळदा पुढे निघतो. त्यात उणीव आहे ती फाटकवाल्याची. रात्री-अपरात्री कंदील घेऊन उभा राहणारा आणि दोन्ही बाजूंच्या शिव्या खाणारा तो अल्पवेतनी माणूस कोणत्याच शर्यतीत नसतो. धावणाऱ्याच्या कौशल्यावर धावणाऱ्याचा जीव सोडू नये, एवढे शहाणपण समाजाला पुष्कळ किंमत मोजून आले, आणि ते त्याच्या रूपाने रुळांपाशी उभे राहिले. उद्या सगळीकडे पूल होतील आणि तो नाहीसा होईल, ते योग्यच होईल. तोवर बंद फाटकापाशी जी पाच मिनिटे जातात, ती वाया गेली असे निदान आपण तरी म्हणू नये.