पोलीस ॲक्शननंतरची स्थानबद्धता (मराठवाडा, १९४८)

हैदराबाद संस्थान १७ सप्टेंबर १९४८ रोजी शरण आल्यावर रझाकार (संस्थानाधिपती निजामाच्या सत्तेसाठी लढणारे सशस्त्र स्वयंसेवक), संस्थानी अधिकारी, अरब आणि रोहिले यांची झालेली धरपकड व स्थानबद्धता. नांदेड-लातूरकडे १७ सप्टेंबरला झेंडावंदन होते, मुक्तिसंग्राम दिन म्हणून. जुन्या मुसलमान घरांत त्याच दिवसांना नुसते ‘पोलीस ॲक्शन’ म्हणतात.

नाव फसवे आहे. १३ सप्टेंबरला रणगाड्यांसह फौज संस्थानात शिरली. लष्करी दप्तरात मोहिमेचे नाव ‘ऑपरेशन पोलो’. दिल्लीने मात्र तिला युद्ध म्हटले नाही, त्यामुळे पकडलेला रझाकार युद्धकैदी न ठरता संशयित ठरला. पुढचा कारभार लष्करी गव्हर्नर मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्याकडे गेला.

विनाचौकशी तुरुंग ही इथे नवी गोष्ट नव्हती. निजामाच्या राजवटीत स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनी तो भोगला होता; तिचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांची सुटकाही फौजा आल्यावरच झाली. रझाकारांच्या जाचाने गावेच्या गावे सरहद्द ओलांडून गेली होती.

या जाचाच्या सूडाचे एक मोठे ठिकाण लातूर. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी याची वकिली इथलीच. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये केंद्र सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीने संस्थानात दौरा केला. लातुरात कत्तल वीस दिवसांवर चालली, सुमारे दहा हजार मुसलमानांपैकी जेमतेम तीन हजार गावात उरले, असे समितीने नोंदवले. सर्वाधिक झळ पोचलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा आणि बीदरबरोबर नांदेडही होते. संस्थानभरच्या बळींचा तिचा अंदाज २७ ते ४० हजारांचा. वल्लभभाई पटेलांना हा अहवाल मान्य नव्हता. तो कित्येक दशके दप्तरात पडून राहिला.

उस्मानाबादचे कलेक्टर मोहम्मद हैदर यांची गोष्ट वेगळी. जानेवारी १९४८ मध्ये जिल्ह्याचा कारभार हाती घेतलेला हा माणूस सत्तांतरानंतर स्वतःच तुरुंगात गेला. कालपर्यंत अटकेचे हुकूम ज्याच्या सहीने निघत, तो आता दुसऱ्याच्या सहीची वाट पाहत बसला. त्यांच्या आठवणी ‘ऑक्टोबर कूप’ या नावाने इंग्रजीत प्रसिद्ध आहेत.

अरब-रोहिल्यांचा प्रश्न सर्वांत बिकट. अरबांचे पूर्वज हद्रमौतहून येऊन निजामाच्या पदरी शिपाईगिरीला लागले. हैदराबादचा बारकस मोहल्ला त्यांचाच. रोहिला म्हटले की मराठवाड्यातल्या म्हाताऱ्यांना काठी टेकून दारात वसुलीला बसलेला पठाण आठवे, त्यामुळे त्याच्यासाठी हळहळणारे कमीच होते. पण यांतल्या कित्येकांचा जन्म दक्षिणेतलाच, घरची भाषाही दखनी. तरी सरकारी हिशेबात ते परके ठरले आणि त्यांना ‘मायदेशी’ धाडण्याचा घाट घातला गेला. ज्याने कधी समुद्र पाहिला नाही त्याचा मायदेश एडनपलीकडे!

‘आजोबा कुठले?’ हा प्रश्न १९६२ मध्ये पुन्हा विचारला गेला. चीनशी युद्ध पेटताच सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या लोकांना राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत नेले. आईबाप किंवा आजी-आजोबांपैकी कोणी चिनी असणे कायद्याला पुरेसे होते. अमेरिकेने १९४२ मध्ये सुमारे १,२०,००० जपानी वंशीयांना असेच डांबले, पण १९८८ मध्ये माफी मागून भरपाई दिली. देवळीबद्दल तसे काही झालेले नाही.

राज्यघटनेच्या २२व्या कलमाने अटकेतल्या माणसाला काही हक्क दिले, त्याच कलमात प्रतिबंधक स्थानबद्धतेलाही जागा ठेवली. हैदराबादचेच पाहायचे तर, लष्करी गव्हर्नरच्या काळातल्या विशेष न्यायाधिकरणाने रझवीला बीबीनगर दरोडा प्रकरणात दोषी ठरवले होते. न्यायाधिकरणाची कार्यपद्धती समानतेच्या हक्काशी विसंगत असल्याचा त्याचा दावा सर्वोच्च न्यायालयाने १९५३ मध्ये बहुमताने फेटाळला. रझवी १९५७ मध्ये सुटला आणि पाकिस्तानात गेला.